महिन्याभरात कादंबरी? लिहा, पण नोव्हेंबर सोडून

पत्र

नमस्कार. मी ४१ वर्षांची, कराडला एका सहकारी बँकेत नोकरीला आहे. घरी नवरा, सासूबाई आणि यंदा दहावीत जाणारा मुलगा.

माझ्या माहेरचं मूळ गाव कोयना धरणात गेलं. गाव सोडताना आजीनं जात्याचा वरचा दगड घेतला आणि खालचा तिथंच राहिला. गाडीत जागा नव्हती, आजोबा म्हणाले नवीन घेऊ. नवीन काही घेतलं नाही. तो एकटा दगड अजून रायगड जिल्ह्यातल्या घरी दाराशी आहे, लोक त्यावर पाय धुतात. ह्या सगळ्यावर कादंबरी लिहायची असं लग्नाच्या आधीपासून मनात आहे. पहिलं प्रकरण कितीदा लिहिलं त्याला गणती नाही. दुसरं कधी झालंच नाही.

गेल्या नोव्हेंबरात आमच्या वाचनकट्ट्याच्या ग्रुपवर ठरलं, की ३० दिवसांत ५०,००० शब्दांची कादंबरी लिहायची. मी नवव्या दिवशी ११,०००वर थांबले. धरणाची नोटीस नक्की कधी निघाली, एकरी मोबदला किती मिळाला, हे शोधत रात्रीचे बारा वाजले. दुसऱ्या दिवशी पहिल्यापासून वाचून काढलं तर सगळंच भिकार वाटलं. तिकडे ग्रुपवर लोक रोज तीन-तीन हजारांचे आकडे टाकत होते. नवरा म्हणतो, ‘महिन्यात पाडायला कादंबरी म्हणजे काय चकली आहे?’ मुलगा म्हणतो, चॅटजीपीटीला सांग, दोन मिनिटांत देईल.

पहिल्या प्रकरणाचं एक पान सोबत जोडलंय. पुन्हा प्रयत्न करू का? की हे वेड कॉलेजातल्या पोरापोरींनीच करावं?

– एक वाचक, कराड

उत्तर

ताई,

करा. पण नोव्हेंबरात नको, आणि ५०,००० तर मुळीच नको.

हा आकडा काही वेदातून आलेला नाही. १९९९च्या जुलैत अमेरिकेत, सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास, ख्रिस बेटी नावाचा एक तरुण आणि त्याच्या ओळखीपाळखीचे मिळून २१ जण महिन्याभरात प्रत्येकी एक कादंबरी लिहायला बसले. फार उदात्त हेतू वगैरे नव्हता, चार मित्र जमवून मजा करायची होती. पुढच्या वर्षी त्यांनी ते नोव्हेंबरात नेलं, कारण तिकडे त्या दिवसांत हवाच अशी असते की माणूस आपण होऊन घरात बसतो. ५०,००० हा एखाद्या बारक्या कादंबरीच्या अंदाजानं धरलेला आकडा. त्याला ३० दिवसांनी भागलं की रोजचे १,६६७. पुढे ‘नॅनोरायमो’ ह्या नावानं ते खूळ जगभर गेलं, त्याची रीतसर संस्था झाली आणि २०२५मध्ये ती बंदही पडली. आता शाबासकीचं प्रमाणपत्र द्यायलाही कुणी उरलेलं नाही. तेव्हा नियम तुमच्या घरच्या घड्याळाप्रमाणे लावा, कुणी विचारायला येणार नाही.

आपल्याकडे नोव्हेंबरात घरात बसायला कुणाला मिळतं? दिवाळी त्याच्या अलीकडे नाहीतर बरोब्बर मध्यात. फराळ, भाऊबीज, माहेरची ये-जा, मग तुळशीचं लग्न, आणि ते लागलं की माणसांची लग्नं सुरू. तुम्ही नवव्या दिवशी थांबलात म्हणून स्वतःला लावून घेताय. घर, बँक आणि दिवाळी सांभाळून ११,००० शब्द झाले, ह्याचं मला तर कौतुक वाटलं.

तुमच्यासाठी महिना जुलैचा. बेटीनंही सुरुवात जुलैतच केली होती, पण माझी कारणं वेगळी आहेत. ३० जूनचं तिमाही क्लोजिंग उरकलेलं असतं. शाळा सुरू होऊन मुलाचं क्लासचं वेळापत्रक बसलेलं असतं, आणि बोर्डाची परीक्षा अजून लांब असते. आषाढी झाली की लग्नकार्यं थांबतात, पाहुणारावळा कमी. श्रावणातले उपास-तापास, सत्यनारायण अजून सुरू व्हायचे असतात. कराडला पाऊस धरून असतो, बाहेर पडायची कुणाला हौस नसते. धरणाचे दरवाजे उघडले की कृष्णा-कोयनेच्या संगमावर पाणी बघायला अख्खं गाव लोटतं. ती एक संध्याकाळ तुम्हीही जा. तुमच्या विषयाचंच पाणी आहे ते.

शब्द किती? ३०,००० धरा. मराठीत विभक्ती, शब्दयोगी अव्ययं शब्दालाच चिकटतात. ‘घरातल्यांसाठीसुद्धा’ हा आपला एक शब्द, इंग्रजीत तेवढ्याला चार-पाच मोजले जातात. त्यामुळे त्यांच्या ५०,०००च्या मागे आपण ५०,००० घेऊन धावलो तर आपण त्यांच्यापेक्षा बराच लांबचा पल्ला पळतो. ३०,००० मराठी शब्द म्हणजे छापील शंभर-सव्वाशे पानं. कच्च्या खर्ड्याला भरपूर. रविवार सुट्टीचे सोडले तर जुलैत २६-२७ दिवस हातात राहतात, म्हणजे रोज साधारण १,१५०. रविवार खरोखरच सोडा. ‘रविवारी भरून काढू’ म्हणणारा सोमवारीही लिहीत नाही, शनिवारीही नाही.

आता वेळेचं. अँथनी ट्रॉलप हा एकोणिसाव्या शतकातला इंग्रज कादंबरीकार पोस्टखात्यात नोकरीला होता. पहाटे साडेपाचला टेबलाशी, समोर घड्याळ, दर पाव तासाला २५० शब्द. ते आटोपून मग तो कामावर जाई. कॉफी देऊन उठवायचं म्हणून एका म्हाताऱ्या नोकराला तो वर्षाला ५ पौंड जादा देत असे, आणि आपल्या यशात त्या माणसाचा वाटा सगळ्यांत मोठा, असं त्यानं आत्मचरित्रात लिहून ठेवलंय. पाव तासाला २५० हे आपल्याच्यानं व्हायचं नाही. पण त्यानं उठण्यासाठी पैसे मोजले, हे ध्यानात घ्या. तुम्ही जुलैपुरती पोळ्यांना बाई लावा. ‘परवडतं का’ हा हिशोब बँकवालीला मी शिकवणार नाही. पण महिन्याभराच्या पोळ्यांचे पैसे आणि रोजचा पाऊण तास, हा सौदा मला स्वस्त वाटतो. सासूबाईंना आधीच सांगून ठेवा, आणि ‘कादंबरी लिहितेय’ असंच सांगा. ‘ऑफिसचं जरा काम आहे’ असं म्हणालात तर दर पाच मिनिटांनी हाक येईल.

सकाळी एक तास आणि संध्याकाळी अर्धा. हातानं लिहिताना तासाला सातशे-आठशे शब्द होतात. जमतं ते.

आता तुम्ही पाठवलेल्या पानाकडे येते. खरं दुखणं तिथं आहे.

पहिलं वाक्य असं: ‘सह्याद्रीच्या उत्तुंग शिखरांआड सूर्यनारायण अस्ताला जात असता कोयनामाईच्या संथ प्रवाहावर जणू सुवर्णाचा वर्ख पसरला होता.’ ह्यात ‘सुवर्णाचा’ खोडून ‘सोन्याचा’ केलंय. मग ते खोडून परत ‘सुवर्णाचा’. समासात एक प्रश्नचिन्हही आहे. तुमची इतकी वर्षं त्या वर्खात गेली.

आणि पत्रात, मला सगळा मामला समजावा म्हणून जाता जाता, तुम्ही लिहिता की आजीनं जात्याचा वरचा दगड घेतला, खालचा राहिला, आणि आता त्यावर लोक पाय धुतात. चार ओळींत घर मोडलं, आजोबांचा स्वभाव कळला, पुढची साठ वर्षं दिसली. एकही शब्द खोडलेला नाही. हस्तलिखितं वाचण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत. असं पत्र आणि असं प्रकरण एकाच पाकिटातून आलं, की मी नेहमी आधी पत्र ठेवून घेते.

म्हणून जुलैतला पहिला नियम: पत्राच्या मराठीत लिहायचं. रोजचा मजकूर कुणाला तरी सांगताय असं समजा, मला समजा, नाहीतर मुलाला. कादंबरीची भाषा म्हणून जी काही वेगळी पुस्तकी भाषा तुमच्या मनात बसलीय, ती ३१ तारखेपर्यंत माळ्यावर टाका. पहिलं प्रकरण तर उघडूच नका. ते झालंय असं धरून चला आणि गाडी भरली जातेय तिथून सुरू करा.

दुसरा नियम: मागं वळून वाचायचं नाही. कालचं शेवटचं वाक्य बघायला हरकत नाही, त्याच्या वर डोळा जाऊ द्यायचा नाही. लिहिणं आणि तपासणं ही दोन माणसांची कामं आहेत, बँकेत नाही का, एन्ट्री करणारा वेगळा आणि पास करणारा वेगळा. तुम्ही दोन्ही खुर्च्यांवर एकदम बसायला गेलात. नवव्या दिवशी पहिल्यापासून वाचलंत आणि भिकार वाटलं, ह्यात नवल नाही. कच्चा खर्डा भिकारच असतो. पण तो पुरता झाल्यावर भिकार वाटला तर दुरुस्त तरी करता येतो.

तिसरी गोष्ट तपासाची, आणि इथं तुमच्यासारखे नेटके लोकच जास्त अडकतात. नोटीस कधी निघाली, मोबदला किती, ट्रक होता की बैलगाडी, हे सगळं लागणार आहे, पण जुलैत नाही. जुलैत कंसात ‘तपास’ एवढंच लिहायचं आणि पुढं जायचं. म्हणजे पान असं दिसेल:

‘गाडीत आधी धान्य चढलं (तपास: भात की नाचणी? किती पोती?). मग ट्रंक, मग देव. आजी जात्याशी वाकली. आजोबा म्हणाले, ऱ्हाऊ दे, नवं घिऊ. ती म्हणाली, वरचं तरी घेते. गाडीवाला (नाव ठरवायचं, भाडं किती, तपास) उगीच खाकरला. आजी दगड उचलून चालायला लागली, गाडीत ठेवलाच नाही.’

ह्यात काहीही अडलं नाही. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटेचा भूकंप तुमच्या कादंबरीत येणार हे उघड आहे. ती तारीख तुम्हाला पाठ असणार, आणि खर्ड्याला तेवढी पुरे. किती घरं पडली, मदत केव्हा पोचली, ते गॅझेटियर आणि जुनी वर्तमानपत्रं ऑगस्टनंतरही तिथंच असतील.

फक्त ही मुभा माहितीपुरती. ‘इथं आजी-आजोबांचं मोठं भांडण येईल’ असं कंसात लिहून पुढं सटकायचं नाही. भांडण त्याच दिवशी लिहायचं, वाईट तर वाईट. नाहीतर ३१ जुलैला तुमच्या हातात कादंबरीचा टाचणवजा अहवाल पडेल आणि सगळे अवघड प्रसंग कंसात राहिलेले असतील. असे खर्डे मी पाहिलेत. ते पुन्हा हातात घेणं नवीन लिहिण्यापेक्षा जड जातं.

बोलीचंही तसंच. पाटण खोऱ्यातली आजी ‘न्हाई’ म्हणेल की ‘नाय’, ‘व्हता’ की ‘हुता’, ह्यावर एक मिनिटही घालवू नका. त्या क्षणी कानाला जे आलं ते लिहा. पान ४वर ‘न्हाई’ आणि पान ४०वर ‘नाय’ झालं तरी चालेल. मागाहून एका कागदावर कोण कसं बोलतं त्याची यादी केली की सगळं एकसारखं करायला दोन संध्याकाळी पुरतात.

नवऱ्याच्या चकलीला उत्तर द्यायचं तर द्या: चकल्या पाडायला तासच लागतो, भाजणी मात्र आधी करावी लागते. तुमची भाजणी वीस वर्षं झालेली आहे, जूनचा एक आठवडा तिला चाळून घ्यायला ठेवा. कथानकाचा आराखडा वगैरे आखत बसू नका. चिठ्ठ्या करा, पंचवीस-तीस. (बँकेच्या व्हाउचरच्या मागं नको, ऑडिटवाले कादंबरी वाचत बसतील.) एका चिठ्ठीवर एकच प्रसंग, एका ओळीत. ‘गाडी भरताना जातं.’ ‘शेवटची जत्रा, देव कुठं न्यायचा ह्यावर तंटा.’ ‘रायगडात पहिला पाऊस, छप्पर गळतं, शेजारी भांडं देतात.’ ‘उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर देवळाचा कळस दिसतो म्हणून आजोबा एकटेच निघतात.’ तुमच्या घरात घडलेलं, ऐकलेलं, आणि बिनधास्त बनवलेलं, तिन्ही मिसळा. पैकी ज्या चिठ्ठ्या लिहायला हात शिवशिवतो त्यांच्यावर फुली करा. फुल्यांच्या चिठ्ठ्या पहिल्या आठवड्यात संपवू नका, वाईट दिवसांसाठी राखून ठेवा.

वाईट दिवस येतातच, नवव्या-दहाव्यापासून सोळाव्या-सतराव्यापर्यंत. सुरुवातीची वाफ गेलेली असते, शेवट नजरेत नसतो, आणि पात्रं चहा प्यायला बसतात. खरंच, खर्ड्यांमध्ये ह्या टप्प्यावर चहाच चहा असतो. कुणी येतं, ‘बस’ म्हणतात, आधण ठेवतात, कप विसळतात, आणि ११५० शब्द होतात पण घडत काही नाही. असं झालं की क्रम सोडून द्या. फुलीची चिठ्ठी काढा, भूकंपाची पहाट असेल तर तीच, आणि तिकडून लिहायला लागा. मधली वर्षं मोकळी राहू देत. कादंबरी पहिल्या पानापासून सरळ शेवटापर्यंत लिहायची असं कुणी सांगितलंय? आणि रोज उठताना, जमत असेल तर, पुढचा प्रसंग कळलेला असताना उठा. वहीच्या खाली उद्याची एक ओळ टाकून ठेवा. सकाळी सव्वापाचला कोरं पान अंगावर येतं, ती ओळ असली की येत नाही.

ग्रुप सोडू नका, सोबत चांगली असते. पण आकडे टाकायचं बंद करा. ‘आज लिहिलं’ किंवा ‘आज नाही’, इतकंच टाका. कुणाचे ३,००० बघून आपले ८०० रडके वाटायला लागतात, आणि त्या ३,०००त चहाचे किती, हे आपल्याला ठाऊक नसतं. उतारे तर कुणीच टाकायचे नाहीत. नावं ठेवली तर हात थांबतो हे सगळे जाणतात. पण ‘वा! अप्रतिम!’नंही थांबतो. मग तेच तेवढं गिरवत बसावंसं वाटतं.

वही की मोबाईल, हे तुमचं तुम्ही ठरवा. जुलैत वीज जाते म्हणून माझा कल वहीकडे. एका पानावरचे शब्द एकदाच मोजा, मग पानांनी गुणत जा. फुलस्केपच्या पानावर अडीचशेच्या आसपास बसतात. मोबाईलवर बोलून टाइप करायची सोय झकास आहे, भाजी निवडतानाही प्रसंग सांगून टाकता येतो. पण विरामचिन्हांची बोंब असते आणि आजीचं ‘व्हतं’ ते यंत्र निमूटपणे ‘होतं’ करून टाकतं. म्हणून निवेदन बोलून, संवाद हातानं, अशी वाटणी करून बघा. टाइप केलंत तर युनिकोडमध्येच करा, जुन्या फॉन्टातल्या फायली पुढे कुणाकडे उघडत नाहीत. आणि रोज रात्री स्वतःलाच मेल करून ठेवा.

मुलाला सांगा, चॅटजीपीटीकडे मजकुराला तोटा नाही, दोन मिनिटांत देईल हेही खरं. त्यात सूर्यनारायण असेल, सुवर्णाचा वर्खही असेल. तो भाग तुमच्याकडे आधीच तयार आहे. पाय धुवायचा दगड त्याला ठाऊक नाही, आणि तो तुम्ही सांगितल्यावर मग उरलेलं त्यानं लिहावं, तर हा सगळा खटाटोप करायचा कशाला?

झटपट लिहिलेलं कमअस्सल असतं का, हा प्रश्न तुम्ही उघड विचारला नाहीत, पण हे वेड ‘कॉलेजातल्या पोरापोरींनीच करावं’ का, असं म्हणालात म्हणून बोलते. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ नाशिकच्या तुरुंगात फेब्रुवारी १९३३मध्ये अवघ्या पाच दिवसांत लिहून काढलं. भालचंद्र नेमाड्यांनी १९६३मध्ये, पंचविशीत, ‘कोसला’ पंधरवड्यात लिहिली. त्याच नेमाड्यांच्या ‘हिंदू’ला मात्र कित्येक दशकं लागली, ती आली २०१०मध्ये. बाबूराव अर्नाळकरांनी तर हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या, त्या काय महिनामहिना विचार करून? वेगावरून काहीच ठरत नाही, ना चांगलं ना वाईट. आणि गुरुजींचे पाच दिवस पुढं करून कुणी म्हणालं की बघा, महिनासुद्धा जास्त होतो, तर त्याला विचारा की त्या आठवणी मनात किती वर्षं घोळत होत्या. तुमच्याही घोळताहेत. म्हणूनच तुम्हाला मी हो म्हटलं. परवा सुचलेल्या कल्पनेवर कुणी महिन्यात कादंबरी लिहू का म्हणून विचारलं असतं, तर थांबा म्हटलं असतं.

सगळ्यांना हा प्रकार मानवत नाही हेही सांगते. काहींचं वाक्य घडवता घडवताच पुढचं सुचतं, त्यांनी दामटून लिहिलं की हाती भुसा लागतो. तुम्ही त्यांतल्या असाल असं तुमच्या पत्रावरून वाटत नाही, पण दहा दिवस नेटानं लिहून रोज फक्त शीणच येत असेल तर खुशाल थांबा, रोज २०० शब्द हाही एक मार्ग आहे. १८,०००वर जुलै संपला तर १८,००० घेऊन ऑगस्टात बसा. ३०,००० नाही झाले म्हणून कुणी दंड लावत नाही. आणि मुलाला ताप आला, सासूबाईंना दवाखान्यात न्यावं लागलं, तर ते दिवस सरळ वजा करा.

झाल्यावर काय? बासनात बांधून ठेवा. ऑगस्टात बघायचं नाही, गणपतीत तर वेळच नाही. त्याच सुमाराला दिवाळी अंकांची जुळवाजुळव चालू असते आणि कुणीतरी म्हणेल, दे की त्यातलं एक प्रकरण. देऊ नका. नवरात्रानंतर एका बैठकीत, हातात पेन न घेता, वाचून काढा. एक तृतीयांश उरेल असं धरून चला. जास्त उरलं तर उत्तम. ‘तपास’च्या कंसांची यादी त्या वेळी करा. पुष्कळशा कंसांतली माहिती लागतच नाही असं तेव्हा दिसेल, कारण तो प्रसंगच गळालेला असेल. दुसरा खर्डा मात्र महिन्यात होत नाही. त्याला वर्ष द्या.

एक गोष्ट जुलैपर्यंत थांबायची नाही. पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिलंय (वर छापलं नाही), की आजी-आजोबा गेले, पण गाव सोडताना सतरा-अठरा वर्षांच्या असलेल्या आत्या रायगडला आहेत, आता ऐंशी पार. येत्या चौथ्या शनिवारी बँकेला सुट्टी आहे, मुक्कामी जा. ‘तेव्हा कसं वाटलं?’ असं विचारू नका, ‘काय वाटायचंय, गेलं झालं’ एवढंच उत्तर मिळेल. शेवटच्या दिवशी चुलीवर काय शिजलं होतं, ते विचारा. घराला कुलूप लावलं का, आणि लावलं तर किल्ली कुणाकडे राहिली. म्हसरांचं काय केलं. कोण आधी निघालं, कोण हटून बसलं. नव्या गावात पहिलं भांडण कुणाशी आणि कशावरून झालं. त्या बोलताना मध्ये बोलू नका, तारखा दुरुस्त करू नका. रेकॉर्डिंग लावायच्या आधी त्यांना तसं सांगा, आणि निघताना फोनमधले जुने व्हिडिओ काढून जागा करून घ्या. चार्जरही न्या.